नदी दारात, पाणी ड्रममध्ये

ठाण्याहून बाळकुम नाका मागे टाकून भिवंडीच्या वाटेला लागले की खाडीवरचा पूल येतो आणि पूल संपला की कशेळी. पुलाखालून वाहते ती उल्हास नदी. बाराही महिने पात्र भरलेले, दोन्ही काठांना तिवरांची झाडी, ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. परक्या माणसाला वाटावे, या गावाला पाण्याची काय ददात? पण हे पाणी तोंडात धरवत नाही. समुद्राची भरती इथून वर थेट कल्याणपर्यंत चढते. म्हणून कशेळीचे लोक या नदीला नदी म्हणतच नाहीत, खाडी म्हणतात. गोड्या पाण्यासाठी त्यांनाही नळाकडेच पाहावे लागते आणि नळ कधी येईल याचा भरवसा नसल्याने दाराशी दोनशे लिटरचा निळा ड्रम असतो.

गंमत अशी, की मुंबईची तहान भागवणाऱ्या प्रचंड जलवाहिन्या याच भिवंडी तालुक्यातून जातात. तानसाचे पाणी १८९२ पासून या बाजूने मुंबईला चालले आहे. पुढे वैतरणा आणि भातसा यांची भर पडली. माणूस उभा राहील एवढ्या रुंदीचे पाइप ज्या गावांच्या शिवारातून जातात, त्यांतल्या कित्येक गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. हा विरोधाभास जुनाच आहे. नवे आहे ते पावसाचे बदललेले वागणे आणि त्याचा परिणाम पाटबंधारे खात्याच्या तक्त्यांइतकाच सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही दिसतो.

उल्हासचे उन्हाळ्यातले पाणी येते कुठून, हे या पाण्यावर वाढलेल्या पुष्कळांना ठाऊक नसते. नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत-बदलापूरवरून कल्याणकडे येते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या इतर नद्यांप्रमाणे तीही दिवाळीनंतर आटायला हवी. ती आटत नाही, कारण घाटमाथ्यापलीकडे आंध्रा नदीवर टाटांनी धरण बांधले आणि तिचे पाणी डोंगरातून खाली सोडून १९२२ मध्ये भिवपुरीला वीज तयार करायला सुरुवात केली. वीज करून झालेले हे पाणी उल्हासमध्ये येते. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी, इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे एरवी पंढरपूरवरून बंगालच्या उपसागराला गेले असते असे पाणी आज ठाण्या-भिवंडीच्या माठात आहे. त्याला बारवी धरणाच्या पाण्याची जोड मिळते. मावळात पाऊस कमी झाला तर त्याची झळ इथे बसते. भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांना हे पाणी पूर्वेकडे वळवून द्या, अशी मागणी अधूनमधून होते. ती अन्यायाची म्हणता येणार नाही. पण वीजकेंद्राचे ते पाणी बंद झाले तर मार्च ते जून या काळात उल्हासमध्ये काय उरेल, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

या एका नदीवर अनेक तोंडे आहेत. औद्योगिक विकास महामंडळ, कल्याण-डोंबिवली, जीवन प्राधिकरण, स्टेम. स्टेम म्हणजे शहाड-टेमघर पाणीपुरवठा कंपनी. ती शहाडजवळ नदीतून पाणी उचलते, भिवंडीजवळ टेमघरला शुद्ध करते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर ही शहरे व जिल्हा परिषदेकडील गावांना देते. पाऊस कमी पडला की पाटबंधारे खाते हिशेब मांडते. धरणांत आहे तेवढे पाणी १५ जुलैपर्यंत पुरले पाहिजे. मग कपात ठरते आणि ती बहुधा आठवड्यातून एक दिवस, चोवीस तास पाणी बंद अशा स्वरूपात येते. बातमीच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : पाणी सुरू झाल्यावर पुढील एक-दोन दिवस कमी दाबाने पुरवठा होईल. वाचणारा ते वाक्य ओलांडून पुढे जातो. आरोग्याच्या दृष्टीने सगळी मेख त्याच वाक्यात आहे.

भरलेल्या जलवाहिनीत पाण्याचा दाब आतून बाहेर असतो. पाइपला भेग असेल, सांधा सैल असेल, तर पाणी बाहेर गळते. बाहेरचे आत येऊ शकत नाही. गळती म्हणजे नासाडी खरी, पण तिच्यामुळे रोग होत नाही. पाणी बंद केले की हे उलटते. पाइप रिकामा होताना आत पोकळी तयार होते आणि त्याच भेगेतून भोवतालचा ओलावा आत ओढला जातो. भिवंडीसारख्या ठिकाणी जलवाहिनीच्या भोवती काय असते, हे वेगळे सांगायला नको. गटाराच्या आतून गेलेली नळजोडणी ज्याने पाहिली नाही, असा माणूस या भागात विरळाच. त्यातच काही जण थेट नळाला मोटर लावून पाणी ओढतात. मोटर स्वतःचे पाणी ओढतेच, पण शेजारच्या फुटक्या जोडणीतून गटारही ओढते. शुद्धीकरण केंद्रात सर्व निकष पार केलेले पाणी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये नासते ते असे. पाणी पुन्हा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पिवळट, वास मारणारे पाणी हा त्याचा पुरावा. पाण्याची वाट पाहून थकलेले घर नेमके तेच पाणी आधी भरून घेते.

यातून होणारे आजार नवे नाहीत. जुलाब-उलट्या, पटकी, विषमज्वर, कावीळ. मात्र प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. पटकी काही तासांत ते पाच दिवसांत प्रकटते. विषमज्वराला एक-दोन आठवडे लागतात. पाण्यातून पसरणारी कावीळ दोन आठवड्यांपासून थेट दोन महिन्यांपर्यंत कधीही उगवते. मे महिन्यात प्यायलेल्या पाण्याची कावीळ जूनअखेरीस झाली की रुग्ण म्हणतो, ‘आता तर पाणी चांगले येतेय!’ आणि बाहेरच्या रसाला किंवा वडापावला दोष देतो. ई प्रकारची कावीळ बहुतेकांना महिनाभरात सोडून जाते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तीच जीवघेणी ठरते. अशा बाधित स्त्रियांपैकी पाचात एक किंवा त्याहून अधिक दगावतात. डोळे पिवळे दिसलेल्या गरोदर बाईला गावठी औषधाच्या माळेवर ठेवून दिवस काढणे हा शुद्ध धोका आहे. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवे.

भारतातल्या काविळीच्या सर्वांत गाजलेल्या साथीचा संबंधही नदीच्या बदललेल्या वागण्याशीच होता. दिल्लीत १९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला पूर आला. पूर ओसरताना नदीने प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी उलटे सरकून वझिराबादला शहराचे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आले, क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. जिवाणू त्याला शरण गेले म्हणून विषमज्वराची साथ आली नाही, पण विषाणू तरला. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. साठवून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले तेव्हा हा ए प्रकारचा विषाणू नव्हता, हे कळले. आज ती ई प्रकारच्या काविळीची साथ म्हणून ओळखली जाते. पुराने पाणीपुरवठा बिघडतो तो फक्त पाइप वाहून गेल्याने नव्हे, हा त्यातला धडा.

पावसाच्या बदलाकडे पाहायचे ते यासाठी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे झोके हे त्याचे एक कारण. दुसऱ्या बाजूने कोरडे दिवसही वाढले. वर्षाची सरासरी ठीक दिसते आणि माणूस मात्र एकदा तहानेने आणि एकदा पुराने गांजतो. ठाणे जिल्ह्याने दोन्ही पाहिले आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात उल्हासही पात्र सोडून गावांत शिरली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये याच नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या सात तलावांत दहा टक्क्यांहून कमी साठा उरला होता. ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली आणि ती जुलै सरत आला तेव्हा मागे घेतली गेली.

जास्त पाऊस म्हणजे जास्त पाणी, हे समीकरणही फसवे. १८ जुलै २०२१ च्या मुसळधार पावसात भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरले, यंत्रणा बंद पडली आणि मुंबईच्या मोठ्या भागाला भर पावसात पिण्याचे पाणी मिळेना. पाणी उकळून प्या, असे तेव्हा महापालिकेला सांगावे लागले. पुराचे गढूळ पाणी शुद्ध करणे हे एरवीपेक्षा अवघड काम असते. मातीचे बारीक कण जंतूंना पांघरूण घालतात, क्लोरीन त्या कणांवरच खर्च होतो. तुरटीची मात्रा तासातासाला बदलावी लागते. घरी माठात तुरटी फिरवून पाणी नितळ झाले की काम झाले असे वाटते. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. नितळलेले पाणी वेगळे काढून ते उकळायचे किंवा त्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे, ही पुढची पायरी गाळता येत नाही. पुराच्या पाण्यातून अनवाणी चालून गेलेल्यांना लेप्टोची भीती असते, हे मुंबई-ठाण्याला २००५ नंतर नव्याने सांगावे लागत नाही. पायाला जखम असून अशा पाण्यात चालावे लागले तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी, एवढे पुरे.

आता तो निळा ड्रम. कपातीच्या दिवसांत ड्रम आणि पिंपे वाढतात आणि त्यांच्याबरोबर डेंगी. डेंगी हा पावसाळ्याचा रोग अशी समजूत आहे, पण त्याचा डास, एडिस इजिप्ती, डबक्यापेक्षा घरातले स्वच्छ साठवलेले पाणी अधिक पसंत करतो. मादी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात. ड्रम रिकामा केला, उलटा ठेवला, आठवड्याने पुन्हा भरला, की भिंतीवरची अंडी भिजतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. म्हणून आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळताना नुसते पाणी ओतून उपयोग नाही. काथ्याने किंवा ब्रशने आतली भिंत घासायला हवी. हा डास शे-दोनशे मीटरच्या परिसरातच वावरतो, म्हणजे ज्याच्या ड्रममध्ये तो जन्मतो त्यालाच किंवा त्याच्या शेजाऱ्याला चावतो. झाकण म्हणून ड्रमवर प्लायवुडचा तुकडा ठेवण्याची पद्धत आहे. त्याच्या कडेच्या फटीतून डास आरामात जातो. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा दोरीने आवळून बांधला तर तो अधिक चांगला. आणि हे सांगायलाच हवे : आठवड्याला ड्रम रिकामा करा, असे पंधरा दिवसांनी पाणी येणाऱ्या घराला सांगणे ही थट्टा आहे. तिथे झाकण आणि गाळून दुसऱ्या भांड्यात ओतणे यांवरच भर द्यावा लागतो.

पंधरा दिवसांनी ही अतिशयोक्ती नाही. भिवंडी तालुक्यातल्याच कांबे गावचे रहिवासी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. महिन्यातून दोनदा, तेही जेमतेम दोन तास पाणी मिळते, अशी त्यांची तक्रार होती. स्टेमकडून एका ठरावीक जागेपर्यंत पाणी दिले जाते आणि तिथून पुढचे वाटप ग्रामपंचायतीचे, असे सुनावणीत समोर आले. बेकायदा जोडण्या आणि टँकर यांचाही विषय निघाला. नियमित पाणी मिळणे हा नागरिकांचा मूलभूत हक्क आहे आणि स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे होत असताना त्यासाठी कोर्टात यावे लागणे दुर्दैवी आहे, असे न्यायालयाने बजावले. पाणी नव्हते, असे नाही. ते कुणाच्या हद्दीपर्यंत कुणी न्यायचे, यावर अडले होते. हवामान बदलाच्या चर्चेत धरणे आणि नि:क्षारीकरण प्रकल्प यांना मोठी जागा मिळते. शेवटच्या फाट्यावरच्या व्हॉल्व्हला आणि बूस्टर पंपाला मिळत नाही.

कशेळी-काल्हेरचा पट्टा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ओळखू येऊ नये एवढा बदलला. भातखाचरांच्या जागी गोदामे आली, मग इमारती, आता मेट्रोचे खांब. माणसे वाढली तशा बोअरवेल वाढल्या. खाडीकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. वरचा थर उपसत गेले की खालचे खारे वर येते. नदीतून येणारे गोडे पाणी उन्हाळ्यात जेवढे कमी, तेवढी भरतीची खार वर सरकते. समुद्राची वाढती पातळी त्याला हातभार लावते. हे पाणी ‘थोडे मचूळ’ म्हणून वापरले जाते. लिटरला सुमारे दोनशे मिलिग्रॅम सोडियम असेपर्यंत जिभेला फारसे कळत नाही, पण रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते मोजावे लागते. बांगलादेशच्या किनाऱ्यावर दाकोप या भागात गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा पिण्याच्या पाण्यातल्या खारटपणाचा आणि गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचा संबंध आढळला. जेवणातले मीठ कमी करूनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर खाडीकाठच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘पाणी कुठले पिता?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. उकळल्याने खारटपणा जात नाही, उलट पाणी आटते तेवढा वाढतो. आर.ओ. यंत्राने जातो, पण त्यात बरेच पाणी वाया जाते. शिवाय क्लोरीनही निघून जात असल्याने ते पाणी उघडे ठेवले की लवकर दूषित होते.

भिवंडीचे यंत्रमाग कामगार हा एक वेगळाच गट. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात बारा तास उभे राहायचे, पिण्याचे पाणी मोजके आणि लघवीची सोय त्याहून मोजकी. बायकाही याच कारणाने पाणी कमी पितात, मग त्या माग चालवत असोत की घर. दिवसाला लघवी दीड लिटरहून बरीच कमी होत राहिली की मूतखडे आणि मूत्रमार्गाचे संसर्ग वाढतात. पाणीकपातीच्या कोणत्याही हिशेबात हे पाणी धरलेले नसते.

घरात काय करता येते, ते थोडके आहे. बंदीनंतर पाणी आले की पहिली पाच-दहा मिनिटे ते धुण्या-पुसण्यासाठी भरावे, पिण्याचे नंतर. पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी काही मिनिटे उकळावे. इंधन परवडत नसेल तर आरोग्य केंद्रात मिळणारे मेडिक्लोर बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे टाकावे आणि किमान अर्धा तास थांबावे. थेंब टाकताक्षणी पेला भरला तर क्लोरीनची चव येते, फायदा होत नाही. पाणी घ्यायला लांब दांड्याचे वगराळे वापरावे, बोटे बुडवून पेला भरू नये. जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनी तयार करायला हेच पाणी हवे : एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलांना त्यासोबत चौदा दिवस झिंकची गोळी द्यावी. जुलाब थांबले म्हणून ती मध्येच बंद करू नये.

गावाचे काम मात्र घराने करून भागत नाही. महाराष्ट्रात त्याची रीत ठरलेली आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य कर्मचारी गावातल्या स्रोतांची पाहणी करतात आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतात. सलग पाच वर्षे हिरवे टिकवणाऱ्याला चंदेरी. आपल्या गावाला यंदा कोणते कार्ड मिळाले, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, विचारणारे थोडे. टी.सी.एल. पावडरचे पोते दमट खोलीत उघडे पडले की काही आठवड्यांत त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. तो टाकीत टाकल्याची नोंद वहीत व्यवस्थित होते. म्हणून नोंदवहीपेक्षा ओ.टी. चाचणी महत्त्वाची. ती जलसुरक्षकाने टाकीजवळच्या नळावर करायची नसते. टाकीजवळ पाणी पिवळे होणारच. गावाच्या शेवटच्या टोकाला, खाडीच्या बाजूच्या चाळीतल्या नळावर, पाणी बंद राहून पुन्हा सुरू झाल्याच्या दिवशी ती करावी. नळीत दोन थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर फिकट पिवळा येतो. पाणी होते तसेच पांढरे राहिले, तर त्या चाळीने त्या दिवशी उकळल्याशिवाय पाणी पिऊ नये आणि जलसुरक्षकाने तिथून मागे, एकेक नळ तपासत, टाकीपर्यंत जावे. रंग जिथे परत दिसू लागतो, त्याच्या पुढेच कुठेतरी पाइप फुटलेला असतो.